विश्लेषण : अमेरिकेतील अपरिचित राज्यांकडे परदेशी पर्यटक का फिरकत नाहीत? यंदा गणित बदलणार का?

अमेरिकेत राज्ये ५०, पण परदेशी पर्यटकांच्या तोंडी नावे असतात पाच-सहाच. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, नेवाडा, हवाई आणि फार तर टेक्सास. मुलांकडे न्यूजर्सीला किंवा बे एरियात काही महिन्यांसाठी गेलेले मराठी आई-वडीलही नायगारा, वॉशिंग्टन, लास वेगास आणि ग्रँड कॅन्यन एवढे पाहून परततात. साऊथ डकोटा, अलाबामा, न्यू मेक्सिको, अर्कान्सा, केंटकी ही नावे त्यांच्या यादीत क्वचितच येतात. १ जानेवारी २०२६ पासून मात्र अमेरिकेने ११ प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानांत परदेशी पर्यटकांवर माणशी १०० डॉलरचा अधिभार लावला आहे. या यादीतील एकही उद्यान वरील अपरिचित राज्यांत नाही. त्यामुळे ही राज्ये अचानक तुलनेने स्वस्त ठरली आहेत. मात्र तिथवर पोहोचण्याची वाट अजूनही सोपी नाही.

नवा अधिभार नेमका काय आहे?

अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याने नोव्हेंबर २०२५ मध्ये हा निर्णय जाहीर केला. अकेडिया, ब्राइस कॅन्यन, एव्हरग्लेड्स, ग्लेशियर, ग्रँड कॅन्यन, ग्रँड टीटॉन, रॉकी माउंटन, सेक्वोया व किंग्ज कॅन्यन, यलोस्टोन, योसेमिटी आणि झायन ही ती ११ उद्याने. येथे अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, १६ वर्षे व त्यावरील प्रत्येक पर्यटकाला नेहमीच्या प्रवेश शुल्काशिवाय १०० डॉलर जादा द्यावे लागतात. वर्षभराचा पास अमेरिकी रहिवाशांसाठी ८० डॉलरलाच आहे, परदेशी पर्यटकांसाठी तो २५० डॉलरचा झाला. मोफत प्रवेशाचे दिवसही आता फक्त रहिवाशांसाठी आहेत.

डॉलर ९० रुपयांच्या आसपास धरला, तर चार प्रौढांच्या कुटुंबाला यलोस्टोनसाठी ४०० डॉलर अधिभार आणि ३५ डॉलर मोटारीचे शुल्क, म्हणजे ३९ हजारांहून अधिक रुपये लागतात. अशा वेळी २५० डॉलरचा पास स्वस्त पडतो, कारण एका मोटारीतील सर्वांना तो चालतो. दोघेच असतील आणि एकच उद्यान पाहायचे असेल, तर पासची गरज नाही. दुसरीकडे, साऊथ डकोटातील बॅडलँड्स उद्यानात हेच चौघे एका मोटारीतून ३० डॉलरमध्ये, म्हणजे सुमारे २,७०० रुपयांत सात दिवस हिंडू शकतात. जवळच्याच विंड केव्ह उद्यानात तर प्रवेश शुल्कच नाही, पैसे पडतात ते फक्त गुहेतील मार्गदर्शित फेरीचे.

गर्दी ठरावीक राज्यांतच का होते?

पहिले कारण विमानसेवा. मुंबई-दिल्लीहून थेट विमाने अमेरिकेतील मोजक्याच महानगरांत उतरतात. तेथून रॅपिड सिटी किंवा अल्बुकर्कीला जायचे तर आणखी एक-दोन विमाने बदलावी लागतात. १९७८ मध्ये अमेरिकी विमानसेवा नियंत्रणमुक्त झाल्यावर कंपन्यांना तोट्याचे मार्ग सोडण्याची मुभा मिळाली. तेव्हापासून अनेक छोट्या शहरांची विमाने केंद्र सरकारच्या अनुदानावर चालतात.

दुसरे कारण रेल्वे. साऊथ डकोटा आणि वायोमिंग या राज्यांत ॲमट्रॅकची प्रवासी गाडी जातच नाही. इतर अनेक राज्यांत दिवसातून एखादीच गाडी असते आणि तीही आडवेळी येते. शहराबाहेर सार्वजनिक बस जवळपास नसते. म्हणजे मोटार चालवता येत नसेल, तर ही राज्ये पर्यटकाला बंदच.

तिसरे कारण अंतरे. साऊथ डकोटाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे दोन तृतीयांश आहे आणि लोकसंख्या सव्वानऊ लाखांच्या घरात. राज्याच्या पूर्वेकडील सू फॉल्सपासून पश्चिमेकडील रॅपिड सिटीपर्यंतचे अंतर साधारण ५५० किलोमीटर, म्हणजे जवळपास मुंबई-पणजी एवढे. वाटेत मोठे शहर एकही नाही. आठ-दहा दिवसांची रजा घेऊन आलेला पर्यटक त्यापेक्षा न्यूयॉर्कला प्राधान्य देतो, यात नवल नाही.

छोट्या राज्यांची जाहिरात कोण करते?

न्यूयॉर्कला जाहिरातीची गरज नाही, ते काम चित्रपट करतात. छोट्या राज्यांना मात्र स्वतःची ओळख करून देण्यापासून सुरुवात करावी लागते. काहींनी त्यासाठी स्वतःचीच थट्टा केली. ‘खरे सांगायचे तर आमचे राज्य प्रत्येकासाठी नाही’ अशा आशयाची मोहीम नेब्रास्काने २०१८ मध्ये चालवली. नॉर्थ डकोटा हे अनेक अमेरिकनांचेही पाहायचे राहिलेले शेवटचे राज्य असते. म्हणून तेथील फार्गो शहराच्या पर्यटन केंद्रात ‘पन्नासावे राज्य’ म्हणून येणाऱ्याला टी-शर्ट भेट दिला जातो.

परदेशात पोहोचण्यासाठी ही राज्ये एकत्र येतात. आयडाहो, मोंटाना, वायोमिंग आणि दोन्ही डकोटा ‘ग्रेट अमेरिकन वेस्ट’ या एकाच नावाने स्वतःची जाहिरात करतात. त्यांचा दुसरा मोठा आधार म्हणजे ‘ब्रँड यूएसए’. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेली ही संस्था परदेशांत अमेरिकेच्या पर्यटनाचा प्रचार करते. तिचा पैसा करदात्यांच्या खिशातून येत नाही. व्हिसाशिवाय येणाऱ्या देशांच्या नागरिकांकडून घेतलेल्या शुल्काचा वाटा तिला मिळतो आणि त्याच्या जोडीला उद्योगांचे योगदान असते. जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने तिला मिळणाऱ्या वाट्याची कमाल मर्यादा वर्षाला १० कोटी डॉलरवरून २ कोटी डॉलरवर आणली. या कपातीने कॅलिफोर्नियाचे फार बिघडत नाही. साऊथ डकोटा किंवा मिसिसिपीचा परदेशातील आवाज मात्र क्षीण होतो.

साऊथ डकोटात पाहण्यासारखे काय आहे?

माउंट रशमोर बहुतेकांनी छायाचित्रात पाहिलेले असते. ब्लॅक हिल्सच्या कड्यात वॉशिंग्टन, जेफरसन, थिओडोर रूझवेल्ट आणि लिंकन या चार अध्यक्षांचे सुमारे ६० फूट उंचीचे चेहरे १९२७ ते १९४१ या काळात कोरले गेले. येथे प्रवेश शुल्क नाही, फक्त वाहनतळाचे पैसे द्यावे लागतात. पण हा डोंगर कोणाचा, हा प्रश्न चेहऱ्यांइतकाच महत्त्वाचा आहे.

१८६८ च्या फोर्ट लॅरामी करारात ब्लॅक हिल्स लाकोटा आणि इतर सू जमातींना देण्यात आल्या. १८७४ मध्ये कस्टरच्या मोहिमेला तेथे सोने सापडले आणि १८७७ मध्ये अमेरिकी काँग्रेसने ती जमीन काढून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये हे ताब्यात घेणे भरपाईस पात्र ठरवून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. सू जमातींनी ती आजवर उचललेली नाही. आम्हाला पैसे नकोत, जमीन हवी, ही त्यांची भूमिका आहे. पडून राहिलेली ती रक्कम व्याजासह एक अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली आहे. रशमोरपासून जवळच लाकोटा योद्धा क्रेझी हॉर्स याचे प्रचंड शिल्प १९४८ पासून खोदले जात आहे आणि अजून पूर्ण झालेले नाही. प्रकल्प चालवणारी संस्था सरकारी मदत घेत नाही, त्यामुळे येथे मात्र तिकीट आहे. धरणग्रस्त आणि वनजमिनींचे लढे पाहिलेल्या वाचकाला या डोंगराची गोष्ट परकी वाटणार नाही.

याच परिसरात बॅडलँड्सचे वारा-पाण्याने कातरलेले रंगीत डोंगर आहेत. कस्टर स्टेट पार्कमध्ये हजाराहून अधिक बायसनचा कळप मोकळा हिंडतो आणि सप्टेंबरअखेर घोडेस्वार तो हाकत एकत्र आणतात. महामार्गालगत शीतयुद्धातील अण्वस्त्र क्षेपणास्त्रांचे तळघरही आता स्मारक म्हणून पाहता येते.

अलाबामाचा मुंबईशी काय संबंध?

अटलांटा विमानतळावरून मोटारीने अडीच तासांत माँटगोमेरी येते. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला तो येथेच. त्यानंतरचा बस बहिष्कार ३८१ दिवस चालला. त्याचे नेतृत्व करणारे मार्टिन ल्यूथर किंग याच शहरातील डेक्स्टर अव्हेन्यू चर्चचे धर्मोपदेशक होते. १९५९ मध्ये ते भारतात आले, तेव्हा मुंबईत मणिभवनात राहिले होते. गांधीजींचे वास्तव्य असलेल्या वास्तूतच मुक्काम करण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली होती.

माँटगोमेरीत २०१८ मध्ये झुंडबळींचे राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. गंजलेल्या रंगाच्या ८०० हून अधिक पोलादी स्तंभांवर एकेका काउंटीचे आणि तेथे झुंडीने मारलेल्या कृष्णवर्णीयांची नावे आहेत. फरशीला टेकलेले स्तंभ पुढे जाताना हळूहळू डोक्यावर टांगलेले दिसू लागतात. स्मारक आणि त्याला जोडलेले लेगसी म्युझियम खासगी संस्था चालवते. सरकारी उद्याने व संग्रहालयांतील इतिहासाच्या मांडणीचा फेरआढावा घेण्याचा आदेश अध्यक्ष ट्रम्प यांनी मार्च २०२५ मध्ये काढला. त्या पार्श्वभूमीवर हे स्मारक खासगी असणे महत्त्वाचे ठरते.

येथून सेल्मा ८७ किलोमीटरवर आहे. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या मोर्चावर ७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्याच महिन्यात मोर्चा अखेर माँटगोमेरीला पोहोचला आणि ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला. वाटेत लाउंड्स काउंटी लागते. बहुसंख्य लोकवस्ती कृष्णवर्णीयांची, पण १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातील मतदार जवळपास शून्य. तेथील कार्यकर्त्यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि चिन्ह घेतले काळ्या बिबळ्याचे. हेच चिन्ह १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या ‘ब्लॅक पँथर’ संघटनेने उचलले. त्या संघटनेपासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदींनी ‘दलित पँथर’ उभी केली. वरळी-नायगावच्या भिंतींवर झळकलेल्या पँथरचे मूळ अलाबामाच्या या शेतवस्तीत आहे. मराठी पर्यटकासाठी हे ठिकाण लास वेगासपेक्षा जवळचे म्हणावे लागेल.

न्यू मेक्सिको आणि इतर राज्यांचे काय?

न्यू मेक्सिकोतील व्हाइट सँड्स म्हणजे जिप्समच्या पांढऱ्याशुभ्र टेकड्यांचे जगातील सर्वांत मोठे मैदान. मोटारीमागे २५ डॉलर शुल्क आहे. शेजारच्या क्षेपणास्त्र तळावर चाचणी असेल, तर रस्ता काही काळ बंद होतो, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रक पाहावे. ताओस प्वेब्लो येथील मातीची बहुमजली घरे जागतिक वारसा यादीत आहेत आणि त्यांत आजही लोक राहतात. धार्मिक विधींच्या काळात ते गाव पर्यटकांसाठी बंद असते आणि सणांच्या दिवशी छायाचित्रणाला मनाई असते. पहिला अणुबॉम्ब जेथे घडवला गेला ते लॉस अलामोसही याच राज्यात आहे. शिकागो ते लॉस एंजेलिसजवळील सांता मोनिका हा ‘रूट ६६’ नोव्हेंबरमध्ये १०० वर्षांचा होत आहे. न्यू मेक्सिकोतील तुकुमकारी, सांता रोझासारखी गावे या रस्त्यावरच वाढली आणि नवा महामार्ग झाल्यावर ओस पडली.

केंटकीतील मॅमथ केव्ह ही जगातील ज्ञात गुहांत सर्वांत लांब, आतापर्यंत ६८० किलोमीटरहून अधिक मोजली गेलेली गुहा. उद्यानात प्रवेश मोफत आहे. नेब्रास्कात प्लॅट नदीकाठी मार्चमध्ये लाखो सँडहिल क्रौंच उतरतात. अर्कान्सातील बेंटनव्हिल हे वॉलमार्टचे गाव, तेथे नोकरीनिमित्त आलेल्या भारतीयांची वस्ती बरीच आहे. गावातील क्रिस्टल ब्रिजेस हे अमेरिकी कलेचे देखणे संग्रहालय विनामूल्य पाहता येते. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात तर हरेकृष्ण संप्रदायाचे ‘न्यू वृंदावन’ आणि सोनेरी प्रासाद आहे.

भारतीयांपुढे अडचणी कोणत्या?

पहिली अडचण व्हिसाची. पर्यटक व्हिसाचे शुल्क १८५ डॉलर आहे. जुलै २०२५ च्या कायद्यात त्यावर आणखी २५० डॉलरच्या ‘व्हिसा इंटिग्रिटी’ शुल्काची तरतूद झाली आहे, म्हणून अर्ज भरताना अधिकृत संकेतस्थळावरील त्या दिवसाचे दर पाहावेत. सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक अर्जदारांना प्रत्यक्ष मुलाखत बंधनकारक आहे. जुन्या व्हिसाची मुदत संपून १२ महिने झाले नसतील, तर नूतनीकरणात सवलत मिळू शकते. मुलाखतीसाठी बँकॉक किंवा दुबई गाठण्याचा मार्गही जवळपास बंद झाला आहे, कारण अर्ज स्वतःच्या देशातून किंवा वास्तव्याच्या देशातूनच करावा, असा नियम आहे.

दुसरी अडचण मोटारीची. वाहन परवान्याचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. इंग्रजीतील भारतीय परवाना बहुतेक ठिकाणी चालतो, तरी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून सोबत ठेवलेला बरा. रस्त्याची बाजू उलटी, अंतरे मैलांत आणि पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात. वय २५ च्या आत असल्यास भाड्याच्या मोटारीला जादा आकार पडतो.

खाण्याची चिंता मात्र वाटते तेवढी नाही. किराणा दुकाने मोठी असतात, बहुतेक मोटेलांत मायक्रोवेव्ह असतो आणि लहान गावातही मेक्सिकन उपाहारगृहात भात-राजमा मिळतो. अमेरिकेतील आशियाई हॉटेलमालकांच्या संघटनेनुसार देशातील सुमारे ६० टक्के हॉटेले तिच्या सदस्यांच्या मालकीची आहेत आणि त्यांत गुजराती मोठ्या संख्येने आहेत. महामार्गावरील मोटेलात ‘केम छो’ ऐकू येण्याची शक्यता त्यामुळे चांगलीच आहे.

कोणती काळजी घ्यावी?

प्रवासाची कागदपत्रे जवळ असू द्यावीत. १८ वर्षांवरील परदेशी नागरिकांनी नोंदणीचा पुरावा सोबत बाळगावा, असा कायदा आहे आणि प्रवेशाची आय-९४ नोंद त्यासाठी चालते. न्यू मेक्सिकोसारख्या सीमावर्ती राज्यांत महामार्गावरही सीमा सुरक्षा दलाची तपासणी नाकी असतात. अमेरिकेत उतरलेल्या पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होते आणि सामान पुन्हा द्यावे लागते. म्हणून पुढच्या विमानापर्यंत तीन तास तरी हाताशी ठेवावेत.

वैद्यकीय विमा टाळू नये. विशेषतः ज्येष्ठांनी पूर्वीचे आजार विम्यात येतात का, हे तपासावे. ग्रामीण भागात रुग्णालय तासभर लांब असू शकते आणि मोबाइलला रेंज नसते. नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि दर पेट्रोल पंपावर टाकी भरावी. मैदानी राज्यांत एप्रिल ते जून हा चक्रीवादळांचा काळ, तर डकोटात नोव्हेंबर ते मार्च बर्फ. मे अखेर ते सप्टेंबर हा तेथील उत्तम काळ, तर अलाबामा आणि न्यू मेक्सिकोसाठी मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. बायसन शांत दिसला तरी २५ यार्डांच्या आत जाऊ नये.

याचा फायदा छोट्या राज्यांना होईल का?

२०२४ मध्ये सुमारे २२ लाख भारतीय अमेरिकेत गेले. कॅनडा आणि मेक्सिको हे शेजारी सोडले, तर ब्रिटननंतर सर्वाधिक पर्यटक भारताचे होते. अमेरिकेत येणाऱ्या एकूण परदेशी पर्यटकांची संख्या मात्र २०१९ मधील सुमारे ७ कोटी ९० लाखांवरून २०२४ मध्ये ७ कोटी २० लाखांच्या आसपास होती. २०२५ मध्ये ती आणखी घटली आणि कॅनडाच्या नागरिकांनी तर मोठ्या प्रमाणावर पाठ फिरवली. यंदा स्वातंत्र्याची २५० वर्षे आणि विश्वचषक फुटबॉल यांमुळे गर्दी खेचण्याची अमेरिकेला आशा आहे. मात्र विश्वचषकाच्या अमेरिकेतील ११ यजमान शहरांत लहान म्हणावे असे कॅन्सस सिटी हे एकच.

अधिभारामुळे काही पर्यटक यलोस्टोनऐवजी बॅडलँड्सकडे वळतीलही. पण त्याच अधिभाराची झळ वायोमिंग, मोंटाना, मेन या लहान राज्यांनाही बसणार आहे, कारण यलोस्टोन, ग्लेशियर आणि अकेडियाच्या दारातील गावे पर्यटकांवरच जगतात. शिवाय साऊथ डकोटाला येणारा परदेशी पर्यटक बहुधा यलोस्टोन जोडूनच येतो. यलोस्टोन वगळले, तर तो डकोटाही वगळण्याची भीती आहे. जाहिरातीचा पैसा कापायचा, व्हिसा महाग करायचा आणि दारात अधिभार लावायचा, या तिन्हींचा एकत्रित भार शेवटी सर्वांत कमी ओळखीच्या राज्यांवरच पडतो.

भारतीय पर्यटकासाठी हिशेब वेगळा आहे. व्हिसा आणि विमानाचा मोठा खर्च झालेलाच असतो, विशेषतः मुलांकडे दीर्घ मुक्कामाला गेलेल्यांचा. अशांना अटलांटामार्गे अलाबामाचे चार दिवस किंवा डेन्व्हरमार्गे डकोटाचा आठवडा प्रसिद्ध उद्यानांपेक्षा कमी शुल्कात होऊ शकतो. मोटार चालवणारे कोणीतरी सोबत हवे आणि ऋतू सांभाळायला हवा. मग ज्या देशात मुले स्थायिक झाली, तो देश महानगरांपलीकडे कसा जगतो आणि कशावर भांडतो, हेही पाहता येते.